उन्हाला घातलेले सेल

वीज या विषयात मला कोणी काही शिकवू नये! एकोणतीस वर्षं मी वीज कार्यालयात नोकरी करतोय. आता तुम्हाला म्हणून सांगतो, मी तिथे आवक-जावक विभागात आहे. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, गेलेल्या पत्राची नोंद करायची. वायरला मी आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही. पण हे आमच्या इमारतीत कुणाला ठाऊक आहे? कुणाचा पंखा कुरकुरला की माणूस थेट तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे येतो. मी जातो, पंख्याकडे गंभीरपणे बघतो, "लोड आहे" म्हणतो आणि चहा पिऊन परत येतो. पंखा कुरकुरतच राहतो, पण त्या घराला बरं वाटतं.

म्हणून बायकोने जेव्हा माइकच्या सेलचा विषय काढला, तेव्हा मी पेपर बाजूलाही न ठेवता म्हणालो, "ते माझ्यावर सोड!"

माझी बायको वैजयंती एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. म्हणजे शिकवत होती. त्या शनिवारी संध्याकाळी पाचला तिचा निरोप समारंभ होता. गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, आम्ही सगळ्यांनी सिद्धेश्वराला हात जोडले, पण तिचा आवाज जो बसला तो बसलाच. एके काळी ही बाई तिसऱ्या मजल्यावरून हाक मारायची आणि रस्त्यावरची रिक्षा थांबायची. आता ताटावर समोरासमोर बसून बोलली, तरी ती आमटी मागतेय की मी घोरतो म्हणून तक्रार करतेय, मला कळत नाही. शाळेत ती हातात धरायचा बिनवायरचा माइक घेऊन शिकवायची. त्यात दोन पेन्सिल सेल लागतात, आणि ते सेल ऐन धड्यात मान टाकायचे.

"मला पाचच मिनिटं बोलायचंय," ती म्हणाली. "पण ती पाच मिनिटं अगदी मागच्या पोरांपर्यंत पोचली पाहिजेत. मध्येच माइक बंद पडला ना, तर मी तशीच खाली बसेन. दुसऱ्यांदा उभी राहायचा धीर नाही माझ्यात."

"काय बोलणार आहेस?"

"ते तेव्हाच ऐका."

माझ्याविषयी चार चांगले शब्द असणार, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

बुधवारी मी नव्या पेठेत विरेशच्या दुकानात गेलो. विरेश हा पोरगेला पण हुशार दुकानदार. त्याने चार रिचार्जेबल सेल आणि एक चार्जर काढून काउंटरवर ठेवला.

"काका, नीट ऐका. ह्याला चार खाचा हायत, प्रत्येकीचा दिवा वेगळा. तांबडा दिवा म्हंजे सेल भरायलाय. हिरवा म्हंजे भरला. भरला की ह्यो आपोआप थांबतंय. सेल लई तापला तरी थांबतंय, गार झाला की परत चालू. ह्यात साधे सेल घालायचे न्हाईत, फकस्त रिचार्जवाले. आनि तांबडा लुकलुकायला लागला म्हंजे..."

"विरेश," मी त्याला थांबवलं, "मी नोकरीला कुठे आहे?"

"वीज ऑफिसात."

"मग?"

"न्हाय, तरी पन काका, लुकलुकला म्हंजे..."

"पिशवी दे!"

त्याने पिशवी दिली. त्याचं वाक्य तसंच दुकानात राहिलं.

आता आमच्या अव्वाविषयी सांगायला हवं. अव्वा म्हणजे माझी आई, काशम्मा. माहेर अक्कलकोटकडचं, वय अठ्ठ्याहत्तर, आणि आमच्या इमारतीत सेल जिवंत करणारी बाई म्हणून तिची ख्याती. सेल संपला म्हणून अव्वाने आजतागायत एकही फेकलेला नाही. संपलेला सेल ती गच्चीवर उन्हाला घालते, कुरडयांच्या आणि सांडग्यांच्या शेजारी. सोलापूरचं ऊन ते! चार दिवसांत तो सेल घड्याळाचा काटा अजून आठवडाभर ओढतो. मग परत गच्ची. अख्खी इमारत आपले सेल अव्वाकडे उन्हाला आणून देते, आणि ती ते एका स्टीलच्या डब्यात नीट जपून ठेवते.

गुरुवारी सकाळी मी शोकेसवर चार्जर मांडला, चारी सेल बसवले, बटण दाबलं. चार तांबडे दिवे लागले. अव्वा लांबून बघत होती.

"हे काय करतंय रं?"

"सेल भरतंय, अव्वा. याला हात लावू नकोस," असं म्हणून मी ऑफिसला गेलो.

साडेसहाला परत आलो तर घरात सामसूम. वैजयंती शिंप्याकडे ब्लाउज आणायला गेली होती. अव्वाही दिसेना, म्हटलं गेली असेल शेजारी. आणि शोकेसवर चारी दिवे लुकलुकत होते! तांबडे, भराभर, चारी एकदम.

पहिल्यांदा मला कौतुक वाटलं. काय जोमाने काम चाललंय! मग घशात काहीतरी खवखवलं. मी खोकलो. डोळ्यांतून पाणी आलं. नाक झोंबलं. खालच्या मजल्यावरूनही खोकल्याचा आवाज आला. मग त्याच्याही खालच्या. आणि मला मोबाइलवर आलेली ती चित्रफीत आठवली, ज्यात बॅटरी फुटते आणि सोफा पेटतो. लुकलुकला म्हणजे... लुकलुकला म्हणजे काय? विरेश काय सांगत होता? फुटणार! दुसरं काय असणार?

"गॅस!" मी ओरडलो. "बॅटरीचा गॅस!"

अशा वेळी मेन स्विच बंद करायचा असतो, एवढं मला माहीत होतं. पण आमच्या घरचा मेन स्विच कुठे आहे, हे एकोणतीस वर्षं वीज कार्यालयात काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं! मी सोफ्यामागे पाहिलं, दारामागे पाहिलं, एकदा तर देवघरात पाहिलं. शेवटी जिन्यात येऊन तळमजल्यावरच्या आप्पांना हाक मारली. आप्पा आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. आपल्या कारकिर्दीत एकदा तरी काहीतरी मोठं घडावं, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे.

"आप्पा! अख्ख्या बिल्डिंगची लाईट बंद करा! स्फोट व्हायलाय!"

"आरं बाबौ! कुटं?"

"माझ्या शोकेसवर!"

खाट्कन इमारतीची वीज गेली. आप्पा प्रत्येक दारावर काठी आपटत वर आले, "खाली चला! समदे खाली चला! राजशेखर सायबांनी सांगितलंय!" आणि लोकांनी एक प्रश्नही विचारला नाही. साक्षात वीज कार्यालयाचा माणूस सांगतोय म्हटल्यावर काय विचारणार! कुणी दागिन्यांचा डबा घेतला, कुणी गॅसचं पुस्तक, एका काकूंनी भिजवलेली कणीक घेतली. सगळे खोकत खोकत अंगणात जमले.

मी डोक्यावर हेल्मेट घातलं. सोलापुरात हेल्मेट घालायची माझी ती पहिलीच वेळ. सांडशीत चार्जर धरला, प्लग उपटला आणि हात लांब करून तीन मजले उतरलो. दिवे विझले होते, पण मला ते आणखीनच भीतीदायक वाटलं. खाली आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात, त्यांतल्या एकीत तो पुरायला गेलो तर तिच्यात कोथिंबीर!

"आप्पा, हे काय?"

"वाळू नुसतीच पडून हुती की," आप्पा म्हणाले. "वाईच माती मिसळली."

मी चार्जर कोथिंबिरीत पुरला आणि विरेशला फोन लावला. "फुटणार आहे! ये!" एवढंच बोलू शकलो, कारण खोकला. विरेश म्हणाला, "हात लावू नका, आलोच," आणि दुकान तसंच टाकून निघाला.

वीस मिनिटं आम्ही त्या बादलीभोवती गोल करून उभे होतो. काहीही झालं नाही. लोक मधूनमधून माझ्याकडे बघत, मी गंभीर चेहऱ्याने घड्याळाकडे बघे. हेल्मेटमुळे चेहरा फारसा दिसत नव्हता, हे एक बरं होतं.

तेवढ्यात जिन्यातून अव्वा उतरली. पदराने घाम पुसत, हातात परात. परातीत भाजलेल्या मिरच्या. ती जवळ येताच सगळं अंगण एकदम खोकलं.

"लाईट कुनी घालवली?" ती म्हणाली. "वर्साचा मसाला करायलेय. घरात ठसका नको म्हनून मागच्या गॅलरीत, दार वडून बसले हुते. तुमी समदे हितं का उभारलाय?"

म्हणजे गॅसचा उलगडा झाला. आणि माझ्या लक्षात आलं की मी सगळी इमारत रिकामी केली, फक्त माझी आई वर विसरलो.

तितक्यात विरेश आला. त्याने कोथिंबीर बाजूला सारली, चार्जर झटकला, हातावर धरला, गालाला लावून पाहिला. "थंडगार हाय की हो, काका." मग झाकण उघडून सेल बाहेर काढले आणि तो नुसता बघत राहिला. एक सेल पिवळा, दोन लाल, एकाचं तर कव्हर सोलून निघालेलं. "काका, हे माझे सेल न्हवंत. हे तर साधे सेल हायत, तेबी मेलेले!"

सगळ्यांच्या नजरा अव्वाकडे वळल्या.

"अय्यो, मग?" अव्वा जराही बिचकली नाही. "नव्या सेलास्नी कशापाय भरायचं? ते भरल्यालेच असतात की! भरायचं ते मेल्याल्या सेलास्नी. म्हनून डब्यातले चार घातले, आनि नवे टीव्हीच्या रिमोटात आनि टॉर्चमदी बसवले."

याला उत्तर काय द्यायचं? तुम्हाला सुचतं का बघा.

"आज्जी, रिचार्जचे नवे सेलबी आदी भरावं लागतंय," विरेश हसत म्हणाला. "आनि साधा सेल भरायला गेलं तर गरम होतंय, गळतंय, एखादा फुटतंयसुद्धा. पन ह्या चार्जरनं वळखलं. चारी सेल तपासले, 'हे आपल्यातले न्हवंत' म्हनून करंट बंद केला, आनि दिवे लुकलुकवून सांगत बसला. तेच मी काकांना सांगत हुतो. लुकलुकला म्हंजे तो काहीच करत न्हाय!"

म्हणजे आमच्या अख्ख्या इमारतीत शांत डोक्याने वागलेला एकटा तो चार्जरच होता. मी हळूच हेल्मेट काढलं.

आप्पांनी मोठ्या नाखुशीने वीज चालू केली. लोक हसत, खोकत परत निघाले. आणि लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आणि आत वैजयंती! केस विस्कटलेले, घामाने चेहरा भिजलेला, छातीशी ब्लाउजची पिशवी. ती काहीतरी बोलली. कुणालाच ऐकू आलं नाही. मग आपोआप सगळे गप्प झाले.

"वीस मिनिटं," ती म्हणाली. "वीस मिनिटं आतून हाका मारतेय."

मी त्या लिफ्टपासून दहा पावलांवर उभा होतो. बादलीकडे बघत.

"पन वैनी, घंटी?" आप्पा म्हणाले. "लिफ्टीत घंटी हाय की! मी सोता बसवलीया, सेलवरची. ती वाजवायची!"

"वाजली नाही."

आप्पांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. विरेशच्या हातातल्या दोन लाल सेलांकडे त्यांनी पाहिलं. "सेल मंगळवारी उन्हाला दिलेत काशम्मांकडं," ते पुटपुटले.

त्या रात्री जेवताना वैजयंती म्हणाली, "अहो, शनिवारी असंच झालं तर?" आणि हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. माइक बंद पडणं म्हणजे काय, ते मला तोवर कळलंच नव्हतं. लिफ्टमध्ये एकटीने हाका मारणं, आणि बाहेर सगळे आपल्याच नादात असणं!

शुक्रवारी मी रजा टाकली. रिमोटमधले आणि टॉर्चमधले सेल काढले, विरेशला फोन करून एकेक गोष्ट विचारली, आणि या वेळी त्याला सगळी वाक्यं पूर्ण करू दिली. चार्जर पलंगावर नको, कापडाखाली नको, उघड्या हवेशीर जागी ठेवा. ठेवला. सेल कोमट लागेल, घाबरू नका. घाबरलो नाही. दुपारी चारी दिवे हिरवे झाले. मी सेल काढून वाटीत ठेवले आणि वाटी फ्रिजवर ठेवली.

शनिवारी दुपारी अडीचला पाहतो तर वाटी रिकामी!

मी गच्चीवर धावलो. बाहेर त्रेचाळीस अंश. कुरडयांच्या शेजारी, फळीवर, चारी सेल ओळीने झोपलेले. उचलायला गेलो तर उकडलेल्या बटाट्यासारखे हातातून सुटले.

"अव्वा!" मी ओरडतच खाली आलो. "हे काय केलंस!"

अव्वा पहिल्यांदाच ओशाळली. "सूनबाई वीस मिंटं वरडत हुती रं," ती म्हणाली. "कुनाला ऐकू न्हाय आलं. म्हनलं सेलात अजून वाईच जोर येऊ दे."

यावर माणूस रागावणार कसा? मी फोन लावला. विरेश म्हणाला, "उन्हानं सेल खराब होतंय, काका. आदी गार होऊ द्या. मग चार्जरमदी घाला, तो सांगंल हायत का गेले."

गार होऊ द्या म्हणे! सोलापुरात, एप्रिलमध्ये! मी वर्तमानपत्राने वारा घालू लागलो. अव्वा सुपाने वारा घालू लागली. वैजयंती इरकल नेसून तयार झाली होती, ती दारात उभी राहून आम्हा मायलेकांकडे बघत होती. तिच्या हातात चार ओळींचा कागद होता आणि तो सारखा घडी होत होता, उलगडत होता.

तीनला सेल चार्जरमध्ये घातले. दिवे लागलेच नाहीत. "तापलेला सेल तो घेत न्हाय," विरेश फोनवरून म्हणाला, "थांबा." थांबलो. सव्वातीन. साडेतीन. अव्वा चार्जरला हात जोडून उभी होती. आणि मग एक दिवा लागला. तांबडा, न लुकलुकता. मग दुसरा. मग दोन एकदम! मी अव्वाला मिठी मारली. सव्वाचारला त्यांतले दोन हिरवे झाले, ते मी खिशात टाकले आणि स्कूटर काढली.

शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. मी माइकमध्ये स्वतः सेल घातले आणि मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. वैजयंती उभी राहिली. कागद तिने टेबलावर ठेवला.

"मागच्यांना ऐकू येतंय का?"

"हो बाऽऽई!" मागची पोरं ओरडली.

ती हसली. "गेलं वर्षभर मी रोज हे विचारत होते, आणि तुम्ही रोज 'हो बाई' म्हणत होता. माइक बंद असला तरी म्हणत होता. मला तेव्हा कळत होतं, ऐकू येत नाहीये ते. तुम्ही मला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होता." तिने माइक आणखी जवळ घेतला. "एकतीस वर्षं मी तुम्हाला खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. पण या एका खोट्यावर मी हे वर्ष काढलं. तेवढे आभार मानायचे होते. आता खरं सांगा. आज येतंय?"

माझ्या शेजारची एक मुलगी उठून उभी राहिली. तिचं नाव संघप्रिया, हे मला नंतर कळलं. "आज खरंच येतंय, बाई," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मीही चष्मा पुसला. खोटं कशाला बोलू, बराच वेळ पुसला.

मला वाटलं, झालं, आता बसेल. पण माइक चालू होता! वर्षभरात पहिल्यांदा तिचं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत पोचत होतं, आणि ती काही थांबेना. पाच मिनिटांची पंचेचाळीस झाली. तिने लिफ्ट सांगितली. हेल्मेट सांगितलं. मी मेन स्विच देवघरात शोधला, हेही सांगितलं. ते तिला कुणी सांगितलं कोण जाणे! चारशे पोरं माना वळवून मला बघत होती. त्यांना सगळं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.

शेवटी मुख्याध्यापिकांनी शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि म्हणाल्या, "हा माइक आणि त्याचा स्पीकर बाईंशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती शोभणार नाही. शाळेतर्फे हीच भेट!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. पुढचा विचार केला नव्हता.

आता वैजयंती दिवसभर घरी असते, आणि माइकही. मी खाली आप्पांशी गप्पा मारत बसलो की तिसऱ्या मजल्यावरून आवाज येतो, "अहो, गोळी घेतली का?" आणि पाच बिऱ्हाडं मला गोळीची आठवण करून देतात. परवा बाहेर पडलो, तर ती काहीतरी सांगत असताना मध्येच आवाज तुटला. सेल संपले. अंगण एकदम शांत झालं. आप्पा म्हणाले, "बसा की निवांत, आता कुटं ऐकू येतंय!"

पण मला काही बसवेना. लिफ्टची वाटही न बघता मी तीन मजले चढलो, भरलेले दोन सेल काढले, माइकमध्ये घातले आणि धापा टाकत तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. माइक ओठांशी नेला. आणि अख्ख्या इमारतीने ऐकलं,

"अहो, दूध कुठाय? मी दूधच आणायला सांगत होते!"